डाळ न शिजणारं पाणी

मे महिन्याच्या शेवटी कारभारीण लेकीच्या बाळंतपणाला बारामतीला गेली आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात आला. भाकरी भावजय द्यायची. कालवण मात्र आपलं आपण करायचं असं ठरवलं. साधी तुरीच्या डाळीची आमटी, त्यात अवघड काय? एक वाटी डाळ दोनदा धुतली, तीन वाट्या पाणी, हळद, तेलाचे दोन थेंब, चार शिट्ट्या. झाकण काढलं तर डाळ तळाला दाणा न् दाणा आणि पाणी वर. पुन्हा चार शिट्ट्या घेतल्या. रवीनं घुसळायला गेलो तर कण टणाटण भांड्याला लागले. तशीच फोडणी दिली आणि खाल्ली.

रात्री फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पाणी कुठलं घेतलंत?"

म्हटलं, "नळाचं. म्हणजे आपल्या विहिरीचंच."

"अहो, त्या पाण्यात डाळ शिजतीय व्हय? डाळीला मी जारचं घेते. सहा वर्षं झाली."

सहा वर्षं. विहीर माझी, मोटर माझी, बटण दाबणारा मी, आणि मला पत्ता नाही. घरातल्या बाईनं जे पाणी डाळीला नको म्हणून बाजूला ठेवलं, तेच पाणी मी सहा वर्षं रानाला देतोय. त्या रात्री झोप लागली नाही. मग आठवडाभर जे वाचलं, ज्याला त्याला विचारलं आणि स्वतः करून बघितलं, ते इथं लिहितोय. नोंद जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आमची आजी विहिरींची ओळख डाळीवरून सांगायची. अमक्याच्या विहिरीला डाळ शिजते, तमक्याची विहीर मचूळ, तिच्यात फक्त जनावरं पाजायची. चव घेऊन पाणी गोडं का खारं ते कळतं, पण "जड" पाणी चवीला बरंही लागतं. ते जड आहे हे डाळच सांगते. तेव्हा प्रयोगशाळा नव्हती, पण घरोघरी मडकं होतं. पुढं १९५९-६० च्या सुमाराला आपल्या देशात प्रेशर कुकर बनायला लागले आणि हळूहळू खेड्यातही आले. कुकरनं बायांचं जळण आणि वेळ वाचवला यात शंका नाही. पण पाणी बिघडत चाललंय हे मडकं जे सांगायचं, ते कुकरनं बरीच वर्षं झाकून ठेवलं. थोडं जड पाणी असेल तर दोन शिट्ट्या जास्त, एवढंच. आमच्याकडं दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा झाल्या आणि मग जार आला.

आता डाळ किती जुनी ते बघू. त्याला लांब जायला नको. आमच्या वरवंडवरून भीमा ओलांडली की शिरूर तालुका. तिथं घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. १९६८ पासून पुढं दहा-बारा हंगाम डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी तिथं उत्खनन केलं. निघालं काय, तर इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. राजवाडा नाही, देऊळ नाही. घरं, चुली, धान्याच्या बळदांसारखे खड्डे आणि रांजण. राखेत आणि मातीत जळून कोळसा झालेले दाणे सापडले म्हणून पीक कळलं. मुख्य पीक जव. सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठची बाई मडक्यात मसूर नाहीतर कुळीथ शिजवत होती. त्यांची भांडी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. पुण्याला कामाला गेलात तर वाट वाकडी करून बघा.

शेतकऱ्यानं लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट तिथं मिळाली. गावाशेजारी नदीच्या बाजूनं बांध आणि पाण्याचा पाट खणलेला होता. पुराचं पाणी वळवून रानाला द्यायची ती सोय असावी असं ढवळीकरांचं म्हणणं. आपण समजतो कालवा इंग्रजांनी आणला. या मुलखात पाट काढायची अक्कल त्याच्या कितीतरी आधीची आहे. पुढं हवामान कोरडं होत गेलं, चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं.

तूर म्हणाल तर ती आपल्याच देशातली. तिचं रानटी भावंड आजही ओडिशा, बस्तरकडच्या जंगलात मिळतं. महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात सातवाहन काळातले तुरीचे दाणे मिळालेत. आज कमी पावसात लवकर येणारी बीडीएन ७११ तूर आपण पेरतो, ती बदनापूरच्या संशोधन केंद्राची. बदनापूरही जालना जिल्ह्यातलंच. दोन हजार वर्षांत तूर तालुकाच काय तो बदलून बसली म्हणायची.

शिजवायची रीत कशी होती, तर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं मानसोल्लास नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, सोलापूरच्या पलीकडं. त्यात डाळी शिजवायचं वर्णन आहे. मंद जाळावर, हळद आणि हिंगाचं पाणी घालून. मिरची नाही. कुठून असणार? मिरची अमेरिकेतली. १४९८ ला वास्को द गामा कालिकतला उतरल्यावर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याकडं आली आणि मग वर पसरली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. टोमॅटो तर त्याच्याही नंतर. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावरान आमटी म्हणतो, त्यातली डाळ, हळद, जिरं जुनं, हिंग अफगाणिस्तानकडचा, मिरची परदेशी. गावरान काय उरतं, तर पाणी. आणि तेच आता बिघडलं.

आता दौंडकडं येतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या दख्खनमधल्या सगळ्यात वाईट दुष्काळांपैकी. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला मजुरी किती द्यायची यावर तेव्हा मोठा वाद झाला. व्हाइसरॉय लिटननं रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी पाठवला. त्यानं १८७७ च्या सुरवातीला दर काढला, पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती उपसणाऱ्या गड्याला! आणि डाळ, मीठ, मिरची, तेल, जळण जे काय म्हणाल ते त्या थोड्या पैशात. मद्रासकडचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला कडक विरोध केला. नुसत्या धान्यावर राबणारं शरीर टिकत नाही, डाळ पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडं पुण्याच्या सार्वजनिक सभेनं अर्जांवर अर्ज केले आणि कित्येक ठिकाणी मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसं काम सोडतात म्हणजे काय असेल ते समजून घ्या. दौंड–मनमाड रेल्वेचं मातीकाम त्याच दुष्काळात, त्याच लोकांच्या हातून बरंचसं झालं आणि १८७८ ला गाडी सुरू झाली. त्या रुळावरून जाताना मला आता वाटीभर डाळ आठवते.

खडकवासल्याचं धरण आणि मुठा उजवा कालवाही त्याच काळातला. तो कालवा आपल्या भागात माटोबा तलावापर्यंत आला. आमच्या गावचा व्हिक्टोरिया तलावही इंग्रजी अमदानीतला, नावावरूनच कळतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्यानंही दम सोडला, पुणं बुडालं. त्यानंतर धरणं पुन्हा उभी राहिली आणि नवा उजवा कालवा पार इंदापूरकडं गेला. आमच्या पिढीचं भलं त्या पाण्यानं केलं. ते नाकारून चालणार नाही. वडलांनी बाजरीवर दिवस काढले, आम्ही उसावर घर बांधलं, पोरं शिकली. पाटसला भीमा कारखाना झाला, गावोगावी गुऱ्हाळं पेटली.

पण कालव्याआधी या रानात डाळ कशी यायची ते सांगायला पाहिजे. तूर हे वेगळं पीक नव्हतंच. बाजरी पेरताना पाभरीच्या मागं वेगळं नळकं बांधायचं आणि ठरावीक ओळींवर एका बाईनं त्यातून तुरीचं बी सोडत चालायचं. बाजरी भादव्यात निघायची, तूर पौषापर्यंत उभी. तिची मुळं खोल, वरचं पाणी आटलं तरी खालचं ओढायची. पानगळ रानातच पडायची. काढली की तुराट्या कुडाला, शेंगांचा भुसा जनावरांना. मग घरी तूर भिजवायची, लाल माती किंवा कावेचा हात द्यायचा, उन्हात कडक वाळवायची आणि जात्यावर भरडायची. सुपानं पाखडून डाळ वेगळी, चुणी गाईला. अशी भिजवून केलेली डाळ जरा उशिरा शिजते. नुसता तेलाचा हात लावून केलेली लवकर शिजते. म्हणून शिजायला वेळ लागला की लगेच पाण्याला दोष देऊ नये. डाळ कशी केली आणि किती जुनी ते आधी बघावं. दमट जागी वर्ष-दोन वर्षं पडलेली डाळसुद्धा टणक होते.

ऊस आला आणि ती ओळ मोडली. उसात तुरीला जागा नाही. डाळ दुकानातून यायला लागली. २०१५ ला डाळ किलोला दोनशेवर गेली म्हणून २०१६ ला आम्ही बऱ्याच जणांनी हौसेनं तूर केली. पीक भरपूर आलं, हमीभाव ५०५० आणि बाजारात त्याच्या खाली. पुन्हा कोणी नाव काढलं नाही. आता आमच्या डब्यातली डाळ म्यानमारची का मोझांबिकची ते पुडीवर लिहिलेलंही नसतं. या भावाच्या गोष्टीवर भरपूर बोलून झालंय, मी पुढं जातो.

पाणी कसं बिघडलं? कालव्याचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, हलकं. त्यात डाळ मस्त शिजते. पण आपण ते उसाला मोकाट देतो. काळ्या रानात ते मुरतं, खाली जाताना जमिनीतले क्षार विरघळवून घेतं आणि विहिरीत उतरतं. विहिरीतून आपण पुन्हा उपसतो, पुन्हा उसाला. पीक आणि ऊन पाणी घेऊन जातात, क्षार ठेवून जातात. दर फेऱ्याला पाणी जास्त जड. पाळी लांबली की विहिरीवर जोर, विहीर आटली की खोल बोअर, आणि बोअरचं पाणी आणखी जड. वीस-तीस वर्षं हे चालू आहे.

मडक्यात होतं काय, तेही एका कृषी अधिकाऱ्यानं समजावलं. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं एकमेकींना धरून असतात. पेक्टिन विरघळलं की डाळ गाळ होते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की ते पेक्टिनला गाठ मारतात, मग कितीही उकळा. आंबटानंही पेक्टिन आवळतं. म्हणून आजी म्हणायची, चिंच आणि आमसूल डाळ शिजल्यावरच. शास्त्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. चिमूटभर सोडा टाकला की डाळ लगेच मऊ होते, कारण सोडा ती गाठ सोडवतो. पण सोड्यानं ब जीवनसत्त्व मरतं, रोज टाकू नये.

इथंच एक फसगत आहे, शेतकऱ्यानं नीट वाचावी. पाण्यातच सोड्याचा अंश, म्हणजे बायकार्बोनेट आणि सोडियम जास्त असेल, तर डाळ छान शिजेल आणि जमीन मात्र चोपण होईल. वर चिकट, खाली घट्ट, पाणी मुरत नाही, पाऊस पडला की साचून राहतं. त्यामुळं डाळ शिजली नाही तर पाणी जड हे खरं, पण डाळ शिजली म्हणजे रानाला चांगलं असं नाही. त्यासाठी नमुना तपासूनच घ्यावा. रिपोर्टवर क्षारता म्हणजे ईसी बघा आणि आरएससी बघा. आरएससी सव्वाच्या आत असेल तर निर्धास्त, अडीचच्या वर गेला तर ते पाणी रानाला नको.

माझी चूक सांगतो. तलावाकडची २२ गुंठ्यांची पट्टी आहे. २००९ ला ऊस मोडून तिथं हरभरा केला. उगवला, पण सखल बाजूला खुरटला, पानांच्या कडा करपल्या, झाडं जागेवर वाळली. मी म्हटलं मर रोग. औषध आणलं, ओतलं. शेजारच्या चुलत्यांनी सांगितलं होतं, "हरभरा नाही रं मेला, रान मेलंय." ऐकलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ऊस. हरभरा, तूर, मूग ही कडधान्यं क्षाराला आणि साचल्या पाण्याला सगळ्यात आधी मान टाकतात, ऊस बरीच वर्षं सोसतो, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर चर काढून निचरा केला असता. आज त्या पट्टीत उन्हाळ्यात पांढरी पापडी येते आणि ऊस कमरेला. तिथं हरभऱ्यानं २००९ ला सांगितलं, घरात डाळीनं सहा वर्षांपूर्वी सांगितलं. दोन्ही वेळा मी गैरहजर.

मग चौथ्या दिवशी परीक्षा घेतली. एकाच पुडीतली डाळ, शंभर-शंभर ग्रॅम, तीन पातेल्यांत. एकात विहिरीचं पाणी, एकात तलावाचं, एकात परवाच्या वळवाचं पत्र्यावरून धरलेलं. पहिली पाच मिनिटं पत्रा धुऊन जाऊ दिला होता. पाणी तिन्हींत मापून सारखं, हळद-तेल काही नाही, झाकण अर्धं. पावसाच्या पाण्यातली डाळ अडतीस मिनिटांत बोटानं चेपली. तलावाची पंचेचाळिशीत. विहिरीची सव्वा तास झाला तरी मधे पांढरा कण राहिलाच, आणि पातेल्याच्या कडेला पांढरा थर. पुतण्या म्हणाला, तात्या, गॅस किती जाळला? ते खरंय.

दुसऱ्या दिवशी विहिरीचं आणि बोअरचं पाणी दोन स्वच्छ बाटल्यांत भरून तपासायला दिलं. पट्टीची माती एक फुटाची आणि दोन फुटांची वेगळी दिली. नमुना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग घ्यायचा, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी येतं. रिपोर्ट आला. कठीणपणा लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या वर. पिण्याला दुसरं पाणी नसेल तर सहाशे ही शेवटची हद्द आहे, चांगलं म्हणजे दोनशेच्या आत. मातीत सोडियमही वाढलेला. तिथल्या माणसानं सांगितलं, आधी निचरा, मग जिप्सम, मग धैंचा गाडायचा. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकलं तर पैसे पाण्यात, हे त्यानं तीनदा सांगितलं. जून लागला की चर खणायला मशीन सांगितलंय. माळाच्या वरच्या तुकड्याला, जिथं विहिरीचं पाणी कधी पोचलंच नाही, बाजरीत दोनास एक ओळ तूर टाकणार आहे. बी बीडीएन ७११ चं आणून ठेवलंय.

शेवटच्या दिवशी तलावाच्या पाण्यात आमटी केली. डाळ मऊ शिजवून घोटली. तेलात मोहरी तडतडली, मग जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, एक चमचा कांदा-लसूण मसाला, त्यावर डाळ. उकळी आल्यावर मीठ, चिंचेचा कोळ आणि गुऱ्हाळाच्या गुळाचा खडा. कारभारीण त्याच संध्याकाळी आली. तिनं भुरका मारला, बरी झालीय म्हणाली. मी तिला रिपोर्ट दाखवला, पातेल्यांची सगळी हकिगत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता त्या पट्टीला पण जारचं पाणी देणार का?"